किल्लीचे दहा फेरे

कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा रांग लागली आहे. हॉल तिकिटं आली. आमच्या पीजीच्या जिन्यात पायरीपायरीवर मुली बसून पाठ करतात, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत, आणि पाण्याची बाटली भरायला खाली जायचं तर प्रत्येकीला गुडघे बाजूला घ्यायला सांगावं लागतं. बाहेर सोनमोहर फुलला आहे. सकाळी उभ्या असलेल्या रिक्षांची टपं पिवळी झालेली असतात आणि रिक्षावाले ती फुलं न झटकताच पहिल्या भाड्याला निघतात. दुपारी ऊन तापतं, चारच्या सुमारास ढग येतात, कधी दोन थेंब पडतात, कधी तेही नाही.

माझं हे शेवटचं, चौथं वर्ष. पण हे दिवस आले की मला गेल्या वर्षीची परीक्षा आठवते, आणि त्या आठवणीत पुस्तकांपेक्षा घड्याळंच जास्त आहेत. हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करते.

माझे आप्पा निपाणीजवळच्या आमच्या गावी हायस्कुलात शिपाई आहेत. शाळेची घंटा तेच देतात. व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्यावर ते हातोडी मारतात, आणि तो आवाज उसाच्या शेतांपर्यंत जातो. मी त्याच शाळेत शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बंगळूरला निघाले त्या दिवशी आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल चालत नाही, आकडे दाखवणारं घड्याळ चालत नाही, काट्यांचं चालतं, ही चौकशी त्यांनी आधीच कुणाकडून तरी करून ठेवली होती.

"रोज दहा फेरे द्यायचे किल्लीला. मोजून," ते म्हणाले. "जास्त दिलीस तर स्प्रिंग तुटंल."

"आणि तुम्ही घंटा कशावर देणार?"

"मोबाईल हाय की. तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. रोज पहाटे पाचला उठून मी किल्लीचं बटण दोन बोटांत धरायची आणि ओठांतल्या ओठांत दहा मोजायची. अकरावा फेरा मी कधीच दिला नाही. एकदा मोजण्यात चूक झाली असं वाटलं, तर नऊच झाले असतील असं धरून सोडून दिलं. रात्री ते घड्याळ थांबायचं. जुनं आहे, थकतं, असं मी समजायची. सकाळी मोबाईल बघून काटे लावायचे, दहा फेरे द्यायचे, की दिवसभर चालायचं. आप्पांनाही रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांवर काटे लावताना मी पाहिलं होतं, त्यामुळे त्यात काही बिघडलंय असं मला वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, सगळे पेपर सकाळचे होते. एक संख्याशास्त्राचा तेवढा दुपारी दोन ते पाच. मी घड्याळ काढून बाकावर समोर ठेवलं होतं. मधूनमधून उचलून बघायची, काटा टिकटिक पुढे जाताना दिसायचा, पुन्हा ठेवायची. शेवटचा मोठा प्रश्न मला येत होता. आकृती काढायला पट्टी ठेवली. माझ्या घड्याळात पाचला नऊ मिनिटं होती. तेवढ्यात पर्यवेक्षक बाईंनी माझ्या हाताखालून पेपर ओढला.

"मॅडम, अजून वेळ आहे," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ते माझ्या पाठीमागे होतं. तीन तासांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. परीक्षेत मागे वळायचं नसतं.

सहा गुणांनी तो विषय राहिला. आप्पांना फोनवर मी सांगितलं, अभ्यास कमी पडला. ते म्हणाले, "बरं. पुढच्या खेपंला कर." एवढंच. घड्याळाचं मी काहीच सांगितलं नाही. सारी शाळा ज्या घड्याळावर भरली आणि सुटली, ते त्यांनी मनगटावरून काढून मला दिलं होतं. त्यानंच दगा दिला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

गेल्या वर्षी तो राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा होता. त्यात तो निघाला नसता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं तर घरी परत, हे कुणी बोललं नव्हतं तरी सगळ्यांना माहीत होतं. मी नवं घड्याळ घेऊ शकले असते. पण सुट्टीत गावी गेले की आप्पांची नजर आधी माझ्या मनगटाकडे जायची. म्हणून मार्च महिन्यात एका दुपारी मेट्रोनं चिकपेटला उतरले, आणि साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत एका घड्याळवाल्याच्या टपरीपाशी पोहोचले. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, बटण कर्रकर्र करत भरपूर फिरवलं. मी दुसरीकडे बघितलं. दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी परत देताना म्हणाला, "फर्स्ट क्लास चालतंय. काय रिपेर करू?"

"परीक्षेत मागे पडलं होतं," मी म्हटलं.

तो हसला. माझ्याआधीही हे त्यानं पुष्कळ जणांकडून ऐकलं असणार. मग म्हणाला, "रविवारी घड्याळं जमवणाऱ्यांच्या क्लबात जा, महिन्याची बैठक आहे. सुशीलाक्का आहेत तिथे, तुमच्यासारखं मराठी बोलतात. घड्याळाच्या कारखान्यात होत्या."

घड्याळं जमवणाऱ्यांचा क्लब म्हटल्यावर मला वाटलं, बूट काढून जावं लागेल अशी काही जागा असेल. बसवनगुडीतल्या एका लहानशा सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, मध्ये लांब टेबल, त्यावर हिरवी चादर, आणि चादरीवर घड्याळं. मनगटाची, खिशातली, गजराची, भिंतीवरून उतरवून आणलेली. पंधरावीस माणसं. मी दारातच उभी राहिले. अशा ठिकाणी आत कसं जायचं असतं, हे मला कधीच आधी माहीत नसतं.

"बा ग, आत ये," टेबलाच्या टोकाला बसलेली एक बारीकशी म्हातारी म्हणाली. "दारात उभं राहून घड्याळ दुरुस्त होत नाही."

या सुशीलाक्का. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच कन्नड कुठे सुरू झालं ते कळतसुद्धा नाही. त्यांनी तीस वर्षं कारखान्यात केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवण्याचं काम केलं होतं. आप्पांचं घड्याळ त्याच कारखान्यातलं निघालं. मी आशेनं विचारलं, "मग हे तुमच्याच हातून गेलं असेल?"

"अय्यो, शेकडो जायची ग. मला काय त्यांची तोंडं आठवतात?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे, परीक्षेतलं सांगितलं. रात्री थांबतं ते सांगितलं नाही. ते घरातलं दुखणं, चारचौघांत कशाला काढायचं, असं काहीतरी मनात होतं. शेजारी किरण नावाचा एक तरुण बसला होता, व्हाइटफील्डला कंपनीत काम करणारा, मूळचा पुण्याचा. त्यानं लगेच मोबाईल पुढे केला. "अक्का, ॲपवर बघूया ना. टिकटिक ऐकून दहा सेकंदांत रेट कळेल, किती मागे-पुढे ते."

"तुझ्या ॲपला दहा सेकंदं लागतात, मला महिना लागतो. तुला कुठं जायचंय का?"

किरण हसून मागे सरकला. त्याला हे बोलणं रोजचं असावं.

त्या क्लबाची एक रीत आहे. कुठल्याही आजारी घड्याळाचं झाकण उघडण्याआधी महिनाभर त्याची जबानी घ्यायची. शब्द त्यांचाच. मालकानं एक वही करायची. रोज ठरलेल्या वेळी घड्याळ किती पुढे, किती मागे ते लिहायचं, आणि त्या दिवशी आपण काय काय केलं तेही. त्या महिन्यात घड्याळात काहीही सुधारायचं नाही, काहीही वेगळं वागायचं नाही. "नेहमीसारखं राहायचं," अक्का म्हणाल्या. "चांगलं दिसायला जाऊ नको. डॉक्टरकडे जाताना पावडर लावतात तसं."

त्या दिवशी तिथे मी पहिल्यांदा बारा वाजलेले ऐकले. आधी एका भिंतीच्या घड्याळानं सुरुवात केली आणि सगळे बोलायचे थांबले. मग दुसरं, मग कोपऱ्यातलं एक घोगरं, मग एक अगदी पातळ आवाजाचं. कुठलंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं, आणि कुणी जुळवायलाही जात नव्हतं. शेवटचं वाजून होईपर्यंत सहा मिनिटं गेली. त्यानंतरच कॉफी येते. दहावीपासून मी एक मिनिटही मागेपुढे होऊ न देता जगायला धडपडत होते. आणि इथे ही शहाणी माणसं अख्खी सहा मिनिटं बारा वाजू देत बसली होती.

मी वही केली. रोज संध्याकाळी सहाला लिहायची. आज ती उघडली की मला त्या एप्रिलचा वास येतो, पीजीतल्या फिनाईलचा आणि लायब्ररीतल्या पंख्याखालच्या जुन्या कागदांचा. ‘कॉलेज, लॅब, बसमध्ये उभी. फरक नाही.’ ‘कॉलेज. अर्धा मिनिट मागे.’ ‘सुट्टी. दुपारपासून लायब्ररीत, घड्याळ टेबलावर. अकरा मिनिटं मागे.’ ‘पोळ्या लाटायला पीजीतल्या मावशींना मदत केली. फरक नाही.’ ‘लायब्ररी. सात मिनिटं मागे.’ लिहिताना मला त्यात काही दिसलं नाही. मी फक्त प्रामाणिकपणे लिहीत होते. आता वाचताना वाटतं, ती घड्याळाची जबानी जेवढी, तेवढी माझीही आहे. महिनाभरात मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही, तरी दिसतं.

एप्रिलच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी अक्कांना पानांचे फोटो पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"सगळं लिहिलंस. किल्ली कुठं लिहिलीस?"

"रोज पहाटे देते. दहा फेरे."

"दहा? कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. जास्त दिले तर स्प्रिंग तुटते."

"सरी, बरं. उद्या सकाळी सहाला पाचच दे. पाच. आणि काटे बरोबर लावून आण."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी घड्याळ त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते हिरव्या चादरीवर मध्यभागी सरकवलं, काच वर करून. "आता कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. पाचसहा जण भोवती जमले. सेकंदकाटा फिरत होता. असं वाटलं की आप्पाच त्या टेबलावर बसलेत आणि सगळे त्यांच्याकडे टक लावून पाहतायत.

"चालतंय की," किरण म्हणाला.

"निधान," अक्का म्हणाल्या. "घाई नको."

बाराला सात मिनिटं असताना सेकंदकाटा चारच्या आकड्यापाशी गेला, किंचित थरथरला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळांचे बारा सुरू झाले, एकामागून एक, ते घोगरं, ते पातळ आवाजाचं, आणि त्या सगळ्या आवाजात आप्पांचं घड्याळ गप्प पडून होतं. शेवटचा ठोका झाला. अक्का मला म्हणाल्या, "आता परीक्षेत बघायचीस तसं बघ."

मी घड्याळ उचललं. काटा चालायला लागला. जणू काही झालंच नव्हतं.

तीन तास मी हेच केलं होतं. बाकावर ठेवलं की ते थांबायचं, उचलून बघितलं की हाताच्या हिसक्यानं चालायचं. जेव्हा जेव्हा मी पाहिलं, तेव्हा ते चालू होतं.

"स्प्रिंग तिसाव्या फेऱ्याला स्वतःच घट्ट होते, मग थांबायचं. तुटत नाही," अक्का म्हणाल्या. "यात बिघाड काही नाही. उपाशी ठेवलंस ग याला. हातात असलं की हालचालीवर कसंबसं चालायचं. लायब्ररीत टेबलावर ठेवलंस की झोपायचं. दहा फेऱ्यांनी संध्याकाळकडे व्हायचं, ते आज पाचांनी बाराच्या आत झालं."

"पण आप्पा पण दहाच द्यायचे!" मी जवळजवळ ओरडलेच. "आणि त्यांचं कधी मागे पडलं नाही. शाळा चालायची त्यावर!"

"दिवसातून किती वेळा दहा?"

आणि मला आप्पा दिसले. व्हरांड्याच्या टोकाला, हातोडी काखेत धरून, घड्याळाकडे बघत उभे. उजव्या हाताची दोन बोटं बटणावर, हळूहळू फिरणारी. आम्हा मुलांना ती खूण पाठ होती. शिपाईमामांची बोटं घड्याळाकडे गेली की तास संपत आला. आम्ही दप्तरं आवरायला घ्यायचो. दिवसात आठ घंटा. प्रत्येक घंटेआधी तीनचार फेरे. त्यांनी मला सकाळचे दहा सांगितले, कारण तेवढेच ते मोजून द्यायचे. बाकीचे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते.

किरणनं कॉफीचा पेला माझ्या हातात दिला. "पेपर कधी आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अकरा दिवसांनी. तो म्हणाला, "मग फुल किल्ली देऊन जा," आणि पहिल्यांदाच मला त्या टेबलाभोवती हसायला आलं.

परतताना बसमध्ये मात्र हसू गेलं. पेपरासाठी आता घड्याळाची काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. हे आप्पांना सांगितलं तर मागचं सगळं सांगावं लागणार. न सांगितलं तर माझं काही अडत नव्हतं. तीस फेरे देऊन पेपर देता आला असता, निकाल लागला असता, आणि अभ्यास कमी पडला होता, हेच आमच्या घरात कायमचं खरं राहिलं असतं. मला वाटतं मी दोन दिवस तसंच ठरवून होते. वह्या उघडायची आणि एकच पान वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेनंतर, फोन लावला.

"आप्पा, घड्याळाला दिवसातनं किती वेळा किल्ली देत होता तुम्ही?"

"एकदा. सकाळी. बातम्या लागल्या की."

"आणि घंटा द्यायच्या आधी?"

"घंटेच्या आधी काय?"

"आठवून बघा. बोटं कुठं असायची?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आगं व्हय की. आता हातात घड्याळ न्हाई, तरीबी बोटं जात्यात मनगटाकडं. पोरं हसत्यात मला." आणि एकदम मोठ्यानं हसले. "म्हणून व्हय ते उन्हाळी सुट्टीत बंद पडायचं! मला वाटायचं, त्यालाबी सुट्टी कळती!"

मीही हसले. तिथेच थांबता आलं असतं. किती सोपं होतं.

"आप्पा, त्या पेपराला ते थांबलं होतं. नऊ मिनिटं. मला कळलं नाही. शेवटचा प्रश्न येत होता, राहिला."

पलीकडे कुणाची तरी म्हैस ओरडली.

"तू तर म्हणालीस, अभ्यास केला न्हवता."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट तवाच वाटलं, पोरी. घड्याळ काय, लोखंड हाय. चुकलं तर चुकलं. वरीसभर मी हेडसरांच्या खोलीत पाणी न्यायचो, आन् त्यांनी तुझं इचारलं की खाली बघायचो. पोरीनं अभ्यास केला न्हाई म्हणून. तुझ्या आईलाबी कधी बोललो न्हाई."

मी त्यांना ज्यापासून वाचवलं असं समजत होते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंसुद्धा नव्हतं. पोहोचलं होतं ते मी दिलेलं. त्यांच्यासाठी म्हणून, जपून, मोजून दिलेलं खोटं. ते त्यांनी वर्षभर एकट्यानं, तोंडातून शब्द न काढता, सांभाळलं.

"पुन्यांदा असं करू नगंस," ते म्हणाले. "मला कळंल का न्हाई, ते मी बघतो. तू सांगायचं."

तो पेपर निघाला. चांगले गुण पडले, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी क्लबात अजूनही जाते. सुशीलाक्कांचे हात आता थरथरतात, चिमट्याची कामं त्या करत नाहीत, पण जबानीच्या वह्या त्याच वाचतात, आणि नव्या माणसाला विचारतात की काय लिहायचं राहिलं. यंदा वर्गात मी दोनतीनदा हात वर केला. एकदा प्रश्न चुकीचा निघाला. काही झालं नाही.

आणि आप्पा. पूर्वी पेपर झाला की ते विचारायचे, "कसा गेला?" मी म्हणायची, "बरा." फोन संपायचा. काल या वर्षीचा पहिला पेपर झाला. फाटकाबाहेर येऊन मी फोन लावला, तर ते म्हणाले, "काय काय आलं हुतं?"

"तुम्हाला नाही कळणार, आप्पा. इंग्रजीत आहे सगळं."

"वाच तर."

मी सोनमोहराखाली फुटपाथच्या कठड्यावर बसले आणि पहिला प्रश्न वाचला. अ, ब, क, सगळे भाग. मग त्याचा अर्थ मराठीत, जमेल तसा. मी काय लिहिलं ते. कुठे अडले ते. पलीकडून आप्पा प्रत्येक भागाला "हं" म्हणत होते, पोथी ऐकायला बसल्यासारखे. दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटी मी थांबले. वाटलं, कंटाळले असतील.

"झालं एवढंच?" आप्पा म्हणाले. "पुढचा वाच."